नवऱ्याला कटला भिंतीवर लावायचाय, काय करू?

पत्र थोडक्यात असं:

"दादा, आम्ही निपाणीचे. ह्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि रविवार आला की गळ घेऊन हिडकल डॅमच्या बॅकवॉटरला जातात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना एक कटला लागला, खताच्या दुकानातल्या काट्यावर साडेसतरा किलो भरला. मला वाटलं आता गल्लीभर रस्सा होणार, तर हे म्हणाले ह्याला सुरी लावायची नाही, ह्याला स्टफ करून हॉलमध्ये लावायचा. तेव्हापासून मासा माझ्या भावाच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात डीप फ्रीजरमध्ये पडून आहे. आता उन्हाळा तोंडावर आलाय, भाऊ विचारतोय आईस्क्रीम कुठं ठेवू. बेंगळूरच्या एकानं फोनवर अठ्ठावीस हजार सांगितले. सासूबाई म्हणतात मेलेलं घरात टांगायचं नाही, आपल्यात गुरुवार पाळतात. वरनं ह्यांनी गच्चीच्या शहाबादी फरशीवर माशाची आउटलाइन मार्करनं काढून ठेवलीय, ती घासून जाईना. मासा खायचा असतो एवढंच मला ठाऊक. हे काय वेड आहे? की मलाच कळेना झालंय?"

ताई, पहिल्यांदा उत्तर सांगतो मग बाकीचं बोलू. ते अठ्ठावीस हजार देऊ नका. पण कटला भिंतीवर येऊ द्या. दोन्ही जमतंय, आणि भावाचा फ्रीजर पण रिकामा होतोय, कसं ते खाली सविस्तर लिहिलंय. पण त्याच्या आधी ह्यांना हे का पाहिजे ते जरा समजून घ्या, नाहीतर विषय नुसता पैशावर येतो आणि घरात दोन्ही बाजूनं तोंडं फुगून बसतात.

मी स्वतः गळ टाकणारा माणूस आहे त्यामुळं ह्यांची बाजू मला आतनं माहीत आहे. बाकी बहुतेक शिकारीत जनावर आधी दिसतं मग मारतात, गळाला लागलेला मासा मात्र अगदी शेवटपर्यंत दिसत नाही. पाण्याच्या खाली काय आहे ते फक्त हाताला कळतं, लाईन सरसर जायला लागते, रील ओरडतं, एवढा मोठा कटला पहिल्या पळीतच पन्नास-साठ मीटर सहज घेऊन जातो आणि मग नुसता जड होऊन तळाला बसतो, तेव्हा माणसाला काही सुचत नाही. तो काठाला येतो, कुशीवर पडतो, उन्हात एक क्षण सगळं अंग चमकतं, पाठ काळपट, बाजू रुपेरी आणि त्यात एक गुलाबी झाक, आणि पाण्याबाहेर काढल्यापासून थोड्याच वेळात ती झाक जायला लागते. माशाचा रंग कातडीतल्या जिवंत पेशींचा असतो आणि ती चकाकी कातडीतल्या बारीक स्फटिकांची, मासा मेला आणि सुकला की सगळं जातं. म्हणजे जे ह्यांनी बघितलं ते बघितलेला माणूस जगात एकच, फार तर सोबतचा दोस्त. वाघ मारणाऱ्याचा वाघ गावभर मिरवायचे, माशाचं तसं नसतं, तो दुसऱ्या दिवशी रस्श्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर कोणीतरी म्हणतोच, साडेसतरा? आठ-दहाचा असेल बघ. तुमच्या ह्यांना भिंतीवर पाहिजे ती साक्ष. दिवसभर दुकानात वाकून दुसऱ्यांच्या जळलेल्या मोटरीतली तार काढायची आणि नवी भरायची, ती मोटर चालली की गिऱ्हाईक घेऊन जातं, हाताचं काम समोर काही शिल्लक राहत नाही. हा एक मासा त्यांचा स्वतःचा आहे. मला ह्यात वेड काही दिसत नाही.

आणि हे नवीन पण नाही. इंग्लंडात दीडशे वर्षांपूर्वीपासून गळवाले मोठा मासा काचेच्या पेटीत लावून घ्यायचे, पुढनं फुगीर काच, आत वेत-गवत रंगवलेलं, आणि काचेवर सोनेरी अक्षरात कोणी, कुठं, कधी, किती पौंड. लंडनचे कूपर म्हणून होते, त्यांच्या पेट्या आज लिलावात लोक शोधत असतात. आणि तुमच्या गच्चीवरच्या आउटलाइनचं म्हणाल तर तेही तिथं चालायचं, मासा कागदावर ठेवून पेन्सिलनं कडेनं आखायचा, मग त्यावरनं लाकडात कोरून रंगवून घ्यायचा. तुमच्या ह्यांना हे कोणी सांगितलेलं नसणार, त्यांनी आपल्या मनानंच केलं. म्हणून ती रेघ घासू नका ताई, तिचा उपयोग आहे, पुढं सांगतो.

आपल्याकडं कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये तुम्ही शाळेच्या सहलीला गेलाच असाल, निपाणीहून तासाभरावर, तिथं ते वाघ, अस्वलं वगैरे भुसा भरून ठेवलेली आहेत ती सगळ्यांनी बघितलेली असतात. अशा कामाचं भारतातलं सगळ्यात नावाजलेलं घर कर्नाटकातच होतं, म्हैसूरचे व्हॅन इंगेन. विसाव्या शतकाच्या सुरवातीपासून ते नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत त्यांचा कारखाना चालला, राजेमहाराजांचे आणि साहेबांचे हजारो वाघ-बिबटे तिथं तयार झाले. आणि त्याच घरातल्या एकानं १९४६ मध्ये कबिनी नदीत गळावर १२० पौंडांचा महसीर, म्हणजे नदीतला एक मोठा मासा, काढला, म्हणजे चोपन्न किलोच्या पुढं, गळावर काढलेला सगळ्यात मोठा महसीर म्हणून आजपण त्याचंच नाव घेतात. दुसऱ्यांच्या ट्रॉफ्या करण्यात जन्म घालवणारी माणसं, पण गळाची ओढ त्यांना पण सुटली नाही.

आता अठ्ठावीस हजार का नको ते. लोकांना वाटतं स्टफ केलेला मासा म्हणजे तोच मासा. तो नसतो. जी बाजू भिंतीकडं जाणार तिकडनं उभा काप घेतात, आतलं सगळं मांस, काटे, चरबी खरवडून काढतात, हातात राहते ती पातळ कातडी आणि पर. ती बोरॅक्स लावून फोमच्या नाहीतर लाकडाच्या साच्यावर चढवतात, पर पुठ्ठ्यात टाचण्या मारून पसरवून ठेवतात आणि महिनाभर सुकवतात. सुकल्यावर तिचा रंग तंबाखूच्या वाळलेल्या पानासारखा होतो, तुम्ही निपाणीच्या, त्यामुळं तुम्हाला तो रंग वेगळा सांगायला नको. मग त्यावर सगळा रंग माणूस मारतो, खवलं न् खवलं. डोळा काचेचा. म्हणजे भिंतीवर जे चमकतं त्यातलं माशाचं स्वतःचं असं जवळजवळ काहीच नाही, वाळलेली कातडी तेवढी, आणि ती पण रंगाखाली.

त्यात कटला हा ह्या कामाला अवघड मासा. निम्मा मासा डोक्यातच असतो त्याचा, आणि डोक्यात हाड, कुर्चा आणि तेल. कातडी नीट बसते पण डोकं सुकताना आक्रसतं, गाल आत जातात, ते वर वळलेलं तोंड वाकडं होतं, मग चांगले कारागीर डोकं वेगळं कास्ट करून बसवतात. तेल पूर्ण निघालं नाही तर दोन-चार वर्षांनी रंगाखालनं पिवळं झिरपायला लागतं. आणि आपल्याकडचा पावसाळा! जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं कातडीचं काय होणार, काचेची बंद पेटी नसेल तर किडे लागतात, पर तडकतात. बेंगळूरला एसी हॉलमध्ये टिकेल, निपाणीत मला भरवसा वाटत नाही.

शिवाय मासा चार महिने फ्रीजरमध्ये आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून, पर अंगाला चिकटवून, हवाबंद पिशवीत ठेवला असेल तर बरा असेल. नुसता गोणपाटात टाकला असेल तर परांची टोकं कोरडी होऊन मोडायला लागली असणार. आज जाऊन बघा. आणि आतली घाण न काढता इतके दिवस ठेवलेला मासा आता खायचा विषय सोडून द्या, कोणी कितीही म्हणू दे.

मग करायचं काय, तर रेप्लिका. फ्लोरिडाकडं सेलफिश, मार्लिन वगैरे जे भिंतीवर दिसतात ते बहुतेक आता फायबरग्लासचे असतात, मासा मोजून, फोटो काढून सोडून देतात आणि त्या मापाचा साचा कारागिराकडं असतो त्यातनं बनवतात. आपल्याकडं कटल्याचा तयार साचा कुठं मिळणार, पण आपल्याकडं त्याहून भारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मूर्तिकार. गणपतीचे कारागीर निपाणीत आहेत, बेळगावात आहेत, कोल्हापूरच्या कुंभार गल्लीत तर घरोघरी आहेत. साचा घेणं, प्लास्टर ओतणं, फायबरचं कास्टिंग, स्प्रे गननं रंग, हे सगळं काम हे लोक पिढ्यान् पिढ्या करालेत. आणि आत्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याकडं थोडी सवड असते, एकदा अक्षय तृतीया गेली की भाद्रपदापर्यंत ते तुमच्याशी बोलणार पण नाहीत. म्हणून उशीर नको.

फायबरचं काम केलेला मूर्तिकार शोधा आणि त्याला असं सांगा. मासा फ्रीजरमधनं काढून बाहेरनं सुटा होऊ द्यायचा पण आतनं अजून कडक पाहिजे, म्हणजे आकार धरून राहतो, पोट खाली बसत नाही. अंगावरचा बुळबुळीतपणा तुरटीच्या पाण्यानं धुवायचा, हे नीट केलं नाही तर खवल्यांची नक्षी साच्यात उठत नाही, हे काम तुमच्या ह्यांना करू द्या, ते घाई करणार नाहीत. मग ओल्या वाळूच्या थरात मासा अर्धा गाडायचा, चांगली बाजू वर, परांच्या खाली शाडू माती लावून ते पसरवून बसवायचे, शेपटी पण. चारी बाजूनं फळ्या उभ्या करायच्या आणि वरनं पातळ प्लास्टर, पहिला थर ब्रशनं, डोळ्याच्या खोबणीत आणि कल्ल्याच्या कडेला हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. प्लास्टर बसलं की उलटं करून मासा काढून घ्यायचा. त्या साच्यात बघा एकदा, प्रत्येक खवल्याची कड, बाजूच्या रेषेवरची बारीक भोकं, जबड्याची घडी, सगळं उलटं उठलेलं असतं, आणि हे त्याच माशाचं, दुसऱ्या कुठल्या नाही. कातडीवाल्या माशापेक्षा मला तर हे जास्त खरं वाटतं. भिंतीला लावायचं म्हणजे एकच बाजू पुरते. मग त्यात फायबर भरायचं, हे मोकळ्या हवेतच करायचं, त्यातल्या रेझिनचा, म्हणजे चिकट रसायनाचा, वास डोक्यात जातो, पोरांना लांब ठेवा.

रंगाला मूर्तिकाराला काही शिकवावं लागणार नाही. पितांबरावर आणि मुकुटावर जो मोत्याच्या चमकीचा पर्ल मारतात ना, माशाच्या बाजूची चकाकी त्याच पर्लनं येते, परदेशातले कारागीर पण पर्ल पावडरच वापरतात. फक्त एक सांगा, की गणपतीसारखा भडक नको. पाठ गर्द करडी, बाजूला रुपेरी पर्ल, त्यावर अगदी पुसट गुलाबी, पोट पांढरं. मिशा काढू नका म्हणावं, कटल्याला मिशा नसतात. डोळा रंगवून त्यावर स्वच्छ रेझिनचा एक थेंब. ह्यांच्या मोबाईलमध्ये काठावर काढलेले फोटो असणारच, ते दाखवा. किती पैसे लागतील ते मूर्तिकाराशीच बोलून ठरवा, पण त्या अठ्ठावीस हजाराच्या जवळपास जाण्याचं काही कारण नाही.

साच्यातनं काढलेला मासा मग परसात नारळाच्या नाहीतर आंब्याच्या बुंध्यापासनं थोडा लांब, दोन-अडीच फूट खड्डा काढून पुरा, वर दगड ठेवा म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. माशाचं खत झाडाला चांगलंच.

एवढी पण खटपट नको असेल तर जपानी गळवाल्यांची पद्धत आहे, माशाच्या अंगाला शाई लावून त्यावर पातळ कागद दाबायचा, त्याच मापाचा ठसा उठतो, एकोणिसाव्या शतकापासून तिथं हे चालतं. शाई खायच्या रंगाची असली तर मासा धुऊन शिजवता पण येतो. फ्रेम करून लावला की फार सुंदर दिसतो. पुढच्या वेळी नक्की करून बघा. ह्या वेळी मात्र मासा शिळा आहे, साचाच घ्या.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही. घरात गुरुवार पाळतात तिथं मेलेल्या जनावराची कातडी हॉलमध्ये असणं त्यांना टोचणारच, आणि तो त्यांचाही हॉल आहे. पण फायबरमध्ये कातडी नाही, हाड नाही, काही नाही, मूर्तिकाराच्या हातनं आलेली वस्तू आहे, हे त्यांना ह्यांनी स्वतः सांगू दे, तुम्ही मध्ये पडू नका. तरी नको म्हणाल्या तर दुकानात लावा. मला तर दुकानच बरं वाटतं, काउंटरच्या मागं, येणारं गिऱ्हाईक विचारणार हा कुठला, आणि ह्यांना ती गोष्ट परत परत सांगायला मिळणार. तिथं ते घरच्यापेक्षा जास्त वेळ असतात पण.

खाली पट्टी लावा, पितळेची असली तर उत्तम. मासा, वजन, लांबी, हिडकल, तारीख, आणि कशावर लागला ते, शेंगपेंड का कणीक, गळवाले पहिल्यांदा तेच वाचतात.

कायद्याचं एक, कारण लोक घाबरवतात. १९७२ चा वन्यजीव कायदा अनुसूचीतल्या प्राण्यांना लागू आहे, त्यांची ट्रॉफी करायची तर परवाने लागतात, माशांत देवमुशीसारखे मासे त्यात २००१ पासून आहेत. कटला त्यात नाही. कटला तर मूळचा आपल्या नद्यांतला पण नाही, गंगेकडचा, मत्स्य खातं बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून डॅममध्ये सोडतं, साठलेल्या पाण्यात तो सहसा अंडी पण घालत नाही. तेव्हा हा एक मोठा कटला काढला म्हणून मनाला लावून घेऊ नका. डॅमवर मासेमारीचा परवाना नाहीतर ठेकेदाराची परवानगी ह्यांच्याकडं आहे ना एवढं बघा. आणि खानापूरकडं भीमगड अभयारण्यात गळ टाकायला जाऊ देऊ नका, तिथं मनाई आहे.

पण खडस लागला, म्हणजे महसीर, तर गोष्ट वेगळी. तो आपल्या कृष्णा खोऱ्यातलाच, १८३९ मध्ये साइक्स म्हणून इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतनं त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. सावकाश वाढतो, अंडी घालायला त्याला वाहतं स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ लागतो, आणि बंधाऱ्यांनी त्याच्या वाटा अडवल्यात. महाडजवळ वाळण कोंडीत, म्हणजे नदीतल्या एका डोहात, देवीच्या भीतीनं त्याला कोणी हात लावत नाही, शृंगेरीला तुंगा नदीच्या घाटावर लोक मासे चुरमुरे घालून पोसतात. असा मासा कुठल्याही भिंतीसाठी मारू नये, हे ह्यांना माझ्या नावानं सांगा. मोजायचा आणि सोडायचा.

मोजायचं सोपं आहे. शिवणाची टेप पिशवीत टाकून द्या. तोंडापासनं शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी, पाठीवरच्या पराच्या पुढं घेर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले एकोणतीस हजार, किलोत वजन येतं, अंदाजे पण बरंच जवळ. तुमच्या गच्चीवरची आउटलाइन मोजून बघा, समजा ब्याण्णव सेंटिमीटर लांब आणि घेर चौऱ्याहत्तरच्या आसपास असेल तर उत्तर साडेसतराच्या अगदी जवळ येईल. घेर आउटलाइनवरनं कळत नाही, तो मासा फ्रीजरमधनं काढल्यावर आधी टेपनं घ्या. आणि आउटलाइन मूर्तिकाराला दाखवा, शेपटीचा आणि परांचा पसारा फ्रीजरमध्ये आखडलेला असतो, खरा पसारा त्या रेघेत आहे. काम झालं की मग थिनरनं पुसून बघा.

एक राहिलं, फॉर्मलीन. कोणीतरी ह्यांना सांगणार की मेडिकलमधनं आण, इंजेक्शन मार, घरच्या घरी मासा टिकतो. ते करू देऊ नका, डोळ्याला आणि श्वासाला फार वाईट. तसंच कोणाकडं साहेबाच्या काळातली जुनी स्टफ केलेली वस्तू असेल तर ती हातानं पुसू नका, त्या काळी कातडीला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, लावायचे.

भावाला सांगा मूर्तिकार ठरला की त्याच दिवशी फ्रीजर मोकळा होतो. आणि कोल्हापूर-बेळगावकडचा फायबरचं काम करणारा माणूस सापडला नाही, किंवा साचा घेताना कुठं अडलं, तर फोटोसकट परत लिहा.